विटा आणि चादरी

मैना हे काही तिचं खरं नाव नव्हे. पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत तिने एक व्याख्या स्वल्पविरामासकट घडाघडा म्हणून दाखवली, तेव्हा मागून कुणीतरी "पोपट!" म्हणून ओरडलं. मुलगी आहे म्हटल्यावर पोपटाची मैना झाली, आणि ते नाव इतकं चिकटलं की ग्रंथपालसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारू लागले. तिला त्याचं वाईट वाटत नसे. निकाल लागला की तिचं नाव सगळ्यांत वर असायचं आणि हसणारे सगळे खाली. तिथून ते फारच लहान दिसायचे.

तिसऱ्या वर्षी तिच्या या सुखाला नजर लागली. यंत्ररचनेच्या विषयाला एक नव्या मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, साध्या आवाजाच्या. पहिल्याच तासाला त्यांनी खडू हातात घेतला, फळ्यावर काहीच लिहिलं नाही आणि म्हणाल्या, "या विषयाला पेपर नाही."

वर्गात असा जल्लोष झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मॅडमनी तो पूर्ण होऊ दिला, मग पुढचं वाक्य सांगितलं.

"तिघातिघांचे गट करायचे. प्रत्येक गटाने कॉलेजबाहेर जायचं, खऱ्या माणसाची खरी तक्रार शोधायची आणि ती दूर करणारी वस्तू स्वतःच्या हातांनी बनवायची. शेवटच्या दिवशी ती वस्तू तुम्ही चालवायची नाही. ज्याची तक्रार, तो चालवेल. तक्रार गेली तर पास. नाही गेली तर नापास. अहवाल कितीही जाड लिहा, मी तो उशाला घेईन."

जल्लोष करणाऱ्यांची तोंडं कडू औषध प्यायल्यासारखी झाली.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये चहा थंड झाला पण चर्चा थंड होईना. प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. ज्यांनी कधी वही उघडली नव्हती त्यांना आता अभ्यासाची ओढ लागली. "पेपर कसा, आदल्या रात्री वाचलं की सुटता येतं," एक जण हळहळला, "इथे तर पूर्ण सत्र राबायचं!" दुसऱ्याला आनंद झाला होता, कारण त्याला वाटत होतं की त्याच्या वाटचं काम गटातले दोघे करतील. तिसरी म्हणाली, आपल्याला नोकरीच्या मुलाखतीत कुणी व्याख्या विचारत नाही, काय बनवलंत तेच विचारतात. त्यावर चौथा म्हणाला, नोकरी लागू दे, मग बघू. पुढे विभागाने सगळ्यांचं लेखी मत मागवलं, तेव्हा निम्म्यांनी 'हवं' लिहिलं, निम्म्यांनी 'नको', आणि एकाने 'कॅन्टीनला पंखा लावा' एवढंच.

मैनेचं मत स्पष्ट होतं. "मार्क मी मिळवायचे आणि वाटायचे तिघांत? हा कुठला न्याय?"

विभागप्रमुखांनाही हे प्रकरण पसंत नव्हतं. त्यांचं आयुष्य पेपर काढण्यात आणि तपासण्यात गेलं होतं. त्यांनी जाहीर केलं की सत्राच्या शेवटी, प्रकल्प बघून झाले की, विद्यार्थ्यांच्या वतीने एकाने समितीपुढे मत मांडावं. मुलांना हे नको असेल तर प्रकल्प बाजूला ठेवून याच सत्रात लेखी पेपर घेऊ. 'नको'वाल्यांनी एकमुखाने मैनेला पुढे केलं. एक तर ती बोलायला उभी राहिली की अडखळत नसे, आणि दुसरं म्हणजे तिचा राग अगदी मनापासूनचा होता. तिने भाषण त्याच आठवड्यात लिहून काढलं. पाठही केलं.

गटांच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा मैनेच्या वाट्याला वकील आणि भोपळा आले. वकिलाने कायद्याचं पुस्तक कधी पाहिलं नव्हतं, पण हजेरी कमी भरली की तो असा युक्तिवाद करायचा की सरांनाच स्वतःच्या हजेरीची शंका यायची. भोपळ्याचं नाव अंगावरून नव्हे तर मार्कांवरून पडलं होतं. तो त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. याच विषयात दोनदा नापास झाला होता. प्रश्नपत्रिका हातात आली की त्याच्या डोक्यात जे असेल ते सगळं पुसलं जायचं आणि तो घामाने भिजलेली कोरी उत्तरपत्रिका देऊन बाहेर यायचा.

"तीन तिगाडा, काम बिगाडा," मैना पुटपुटली.

"ऐकलं मी," वकील म्हणाला.

भोपळ्याने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. त्याला आपल्याबद्दल असं ऐकायची सवय होती.

तक्रार शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. मैनेची आई हॉस्पिटलात वॉर्डची सिस्टर होती आणि घरी आल्यावर पाय वर घेऊन बसली की तिच्या तक्रारींचा पाढा सुरू व्हायचा. त्यात मळक्या चादरींच्या ट्रॉलीचा नंबर पहिला. "कालच ऑपरेशन झालेलं माणूस, जेमतेम डोळा लागलेला असतो बिचाऱ्याचा, आणि ती ट्रॉली येते खडखडत! वॉर्डभर सगळे दचकून उठतात. वर दाराला धडकते ती वेगळीच."

"मग तीच घ्या," बाबा म्हणाले. ते शिकवणी घ्यायचे आणि शहरातली निम्मी मुलं त्यांच्या पाठांतरावर पास झाली होती. प्रकल्पाबद्दल त्यांचं मत मुलीसारखंच होतं. "लवकर उरका म्हणजे झालं. आणि व्याख्या विसरू नकोस. पाठ केलेलं वेळेला उपयोगी पडतं, लक्षात ठेव."

ट्रॉली ढकलण्याचं काम मावशींकडे होतं. हॉस्पिटलात त्यांना सगळे मावशीच म्हणत, अगदी मोठे डॉक्टरसुद्धा. मावशी ठेंगण्या, तोंडाने फटकळ, आणि तिघं मोजपट्टी घेऊन आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य टाकलं ते असं, "मोजा, मोजा. याआधीही एक जण मोजून गेला. तो अजून मोजतोच आहे बहुतेक."

तिघांनी ट्रॉली मोजली, दार मोजलं, मावशींची उंची मोजली. एका फेरीला जेवढ्या चादरी आणि ब्लँकेटं जातात त्यांचं वजन केलं. मैनेने आराखडा काढला. मावशींना वाकावं लागू नये म्हणून कमरेएवढ्या उंचीवर सपाट फळी, दाराला धक्का लागू नये म्हणून अंग थोडं अरुंद, आणि खाली मोठी रबरी चाकं. कागदावर ती ट्रॉली इतकी देखणी दिसत होती की वकिलाने तिचा फोटो काढून घरी पाठवला.

खरी गंमत वर्कशॉपमध्ये झाली. नट-बोल्टच्या प्रकरणात मैनेला मागच्या वर्षी पैकीच्या पैकी मार्क होते. आट्यांचा कोन, त्यांवर येणारा ताण, सगळं मुखोद्गत. भोपळ्याने तिच्या हातात पाना दिला, आणि ती बोल्ट आवळायचा म्हणून सैल करत राहिली. बोल्ट निघून खाली पडला आणि घरंगळत वकिलाच्या बुटापाशी जाऊन थांबला.

"उजवीकडे," भोपळा हळूच म्हणाला, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू.

मैनेचे कान लाल झाले. दुसरा कुणी असता तर ही गोष्ट संध्याकाळपर्यंत कॉलेजभर झाली असती. भोपळ्याने ती कुणालाच सांगितली नाही. वकिलाने सांगितली, पण त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नसे.

भोपळाही काही विश्वकर्मा नव्हता. त्याने एकदा चारांपैकी एक चाक उलटं बसवलं आणि ट्रॉली अर्धा दिवस नुसती गोल फिरत राहिली. पण तो चिडायचा नाही, उघडायचा आणि परत बसवायचा. वेल्डिंगचा चष्मा चढवला की त्याचे हात अजिबात थरथरायचे नाहीत. मैनेला हळूहळू त्या जागेचा वास आवडू लागला, तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा. हे तिने अर्थातच घरी सांगितलं नाही.

एका दुपारी भोपळा पत्रा आणायला गेला असताना वकील म्हणाला, "तुझं ते भाषण. प्रकल्प धरू नका, याच सत्रात पेपर घ्या, असंच आहे ना?"

"हो. का?"

"नाही, सहज. भोपळ्याचा हा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न आहे. तिसऱ्यांदा नापास झाला की कॉलेजातून नाव कमी. नियमच आहे. पेपर झाला तर तो काय लिहील, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही."

मैनेच्या हातात पाना तसाच राहिला. "मग त्याने सांगितलं का नाही?"

"विचारलं मी. म्हणाला, तिचं मत तिला. त्यात मी कशाला मध्ये येऊ?"

त्या दिवशी मैना घरी गेली आणि तिने पाठ केलेलं भाषण मनातल्या मनात म्हणून पाहिलं. भाषणात एकही चूक नव्हती. तरीही ते तिला पहिल्यांदाच कडू लागलं.

ट्रॉली तयार झाली. चाचणी कॉलेजच्या व्हरांड्यात घ्यायची ठरली, पण तिथे चादरी कुठून आणायच्या? बांधकामाच्या ढिगातल्या विटा होत्या. वकिलाने निकाल दिला, "वजनाला वजन! वीट काय आणि चादर काय!" चादरींच्या वजनाइतक्या विटा मोजून त्यांनी फळीवर रचल्या. ट्रॉली लोण्यातून सुरी जावी तशी गेली. आवाज नाही, धक्का नाही, वळणावर हेलकावा नाही. व्हरांड्यातली मुलं टाळ्या वाजवत मागे धावली. मैनाही हसत धावली, आणि आपण धावतोय हे लक्षात आल्यावर थांबली.

प्रकल्प बघायला समिती यायच्या दोन दिवस आधी, सकाळी, ट्रॉली हॉस्पिटलात नेली. मावशींनी तिच्याभोवती एक फेरी मारली, दांडा धरून पाहिला आणि "बरी दिसते" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे सुवर्णपदकच. मग त्यांनी नेहमीसारखा माल भरला. खाली चादरी, त्यावर उशांचे अभ्रे, आणि सगळ्यांत वर ब्लँकेटं, कारण वॉर्डात ब्लँकेटं शेवटी गोळा होतात. ढीग मावशींच्या डोक्याच्या वर गेला. वॉर्डातून ट्रॉली अशी निघाली की एकाही रोग्याने मान वळवली नाही. आईने दारात उभं राहून मैनेकडे पाहून भुवया उंचावल्या. मैनेची छाती भरून आली.

वॉर्डाच्या मागे धुलाईकडे जाणारा बोळ होता. त्यात एक उतार, आणि उताराच्या तळाशी वळण. मावशी वळल्या आणि ट्रॉली वळता वळता कलली. तिघं धावेपर्यंत ती आडवी झालीसुद्धा. मावशी चपळाईने बाजूला झाल्या म्हणून वाचल्या. बोळभर मळक्या चादरी पसरल्या आणि एक चाक हवेत शांतपणे फिरत राहिलं.

"आवाज मात्र आला नाही हां," मावशी म्हणाल्या. त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं, पण कुणाला हसू आलं नाही.

भोपळा खाली बसला आणि चादरी गोळा करू लागला. त्याचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला होता. "माझं वेल्डिंग सुटलं असणार," तो म्हणाला. "माझंच चुकलं. दर वेळी माझंच चुकतं."

वकील मैनेच्या कानाशी आला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "आता तुला भाषणाचीसुद्धा गरज नाही. ही आडवी पडलेली ट्रॉली दाखवलीस की पुरे. प्रकल्प गेला, पेपर आला."

"गप्प बस," मैना म्हणाली, आणि तिलाच आपल्या आवाजाचं नवल वाटलं.

ती ट्रॉलीजवळ गेली. एकेक सांधा बोटाने तपासला. वेल्डिंग जिथल्या तिथे होतं, केसाचीही भेग नाही. मग पडली का? वजन तर तेवढंच होतं. विटांनी पडली नाही आणि चादरींनी पडली? तिने पसरलेल्या ढिगाकडे पाहिलं, त्यावरच्या जड ब्लँकेटांकडे पाहिलं, आणि तिच्या ओठांवर आपोआप शब्द आले. लहानपणापासून म्हटलेली व्याख्या. वस्तूचं सगळं वजन ज्या एका बिंदूत एकवटलं आहे असं मानता येतं, तो गुरुत्वमध्य; तो जितका उंच आणि पाया जितका अरुंद, तितकी वस्तू अस्थिर. शंभरदा लिहिली होती. दर वेळी पूर्ण मार्क. आणि आज पहिल्यांदा तो बिंदू तिला दिसला. विटांच्या वेळी तो खाली फळीला चिकटून बसला होता. आज तो मावशींच्या डोक्याशी जाऊन बसला होता, आणि वळण आल्यावर पडला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिला मोठ्याने हसू आलं. बाकीचे तिच्याकडे बघत राहिले.

"भोपळ्या, ऊठ! तुझं वेल्डिंग शाबूत आहे. चूक माझी आहे, आराखड्याची. आणि त्या विटांची."

वर्कशॉपच्या जमिनीवर तिने खडूने दोन ट्रॉल्या काढल्या, एकीवर विटा, दुसरीवर चादरी. दोन्हींत एकेक ठिपका काढला. मग सूत्रं मांडायला लागली. बाबा खोटं बोलत नव्हते, पाठ केलेलं सगळं आज वेळेला धावून आलं, बोलवायच्या आधी. खडू झिजला, बोटं पांढरी झाली. भोपळा गुडघ्यांवर बसून बघत होता.

"म्हणजे वजन किती त्याला महत्त्व नाही?"

"आहे. पण ते बसलंय कुठे, त्याला जास्त आहे."

"मग पुस्तकात असं का लिहीत नाहीत?"

"हेच लिहिलंय पुस्तकात."

"नाही," भोपळा ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला. "असं नाही लिहिलेलं."

मैनेने तो ठिपका खडूने आणखी ठळक केला.

उपाय दिसत होता. मोठ्या चाकांच्या मधली जागा रिकामी होती. तिथे, जमिनीलगत, ब्लँकेटांसाठी खोलगट पेटी बसवायची, म्हणजे जड माल खाली आणि हलका वर. अडचण एकच होती, मावशींना वाकावं लागेल. विचारायला गेल्यावर मावशींनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ब्लँकेट कोण उचलतंय? जमिनीवर टाकते आणि पायाने सारते मी. सिस्टरना सांगू नका."

"त्या सिस्टर माझ्या आई आहेत," मैना म्हणाली.

"म्हणून तर सांगतेय."

मग पेटीला बाजूने झडप केली, पायाने सारलं की ब्लँकेट आत. भोपळ्याने दोन दिवसांत पत्रा कापला, वाकवला, जोडला. या वेळी बोल्ट मैनेने आवळले. सगळे उजवीकडे.

समितीच्या दिवशी, बाकीचे गट बघून झाल्यावर, बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. विभागप्रमुख, मॅडम, आणखी दोन प्राध्यापक, भिंतीला टेकून उभा राहिलेला अख्खा वर्ग, आणि पुन्हापुन्हा "हळू बोला, हॉस्पिटल आहे!" म्हणून दटावणारी मैनेची आई. मावशींनी पदर खोचला, ब्लँकेटं पायाने झडपेत सारली, वर चादरी रचल्या आणि निघाल्या. दार गेलं, उतार गेला, वळण आलं. मैनेने डोळे मिटले. उघडले तेव्हा ट्रॉली वळणापलीकडे होती आणि मावशी मागे वळून विचारत होत्या, "परत येऊ का, की जाऊ अशीच?"

विभागप्रमुखांनी चष्मा पुसला. ते सहजासहजी भुलणारे गृहस्थ नव्हते. "वस्तू चालते, मान्य. पण विद्यार्थी शिकला का, हे कसं कळायचं? तिघांतल्या एकाने केलं असेल." त्यांनी नजर फिरवली आणि ती नेमकी भोपळ्यावर थांबली. "तुम्ही सांगा. ब्लँकेटं खालीच का? वर का नाहीत?"

भोपळ्याच्या कपाळावर घाम आला. मैनेने तो घाम ओळखला, परीक्षेच्या हॉलमध्ये दोनदा पाहिला होता. त्याचे ओठ हलले आणि शब्द आले नाहीत. उत्तर तिच्या जिभेवर होतं. ती एक पाऊल पुढे सरकली, तोच मॅडमनी नुसता हात आडवा केला. तिने जीभ दातांखाली धरली. आयुष्यात पहिल्यांदा, उत्तर येत असून, मैना गप्प राहिली.

"सर," भोपळा शेवटी म्हणाला, "मला सांगता येत नाही." बोळात कुणीतरी उसासा सोडला. "पाडून दाखवू का?"

"काय?"

पण भोपळा कामाला लागला होता. त्याने ट्रॉली परत उताराच्या वर आणली, पेटीतली ब्लँकेटं बाहेर ओढली, चादरींच्या वर रचली, सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं आणि ट्रॉली उतारावरून नेली. वळणावर ती कलली, आणि ज्या वस्तूसाठी त्याने जिवाचं रान केलं होतं ती त्याने समितीच्या डोळ्यांदेखत आडवी होऊ दिली. वर्गाने श्वास रोखला. भोपळ्याने मात्र तिच्याकडे असं पाहिलं जणू ती ठरल्याप्रमाणे वागली होती.

"हे बघा, आता वजन इथे गेलं," तो खाली बसून हाताने दाखवू लागला, आणि बोलायला लागला तो थांबेचना. "वजन तेवढंच आहे सर, एक चादर कमी नाही की जास्त नाही. पण ते वर जाऊन बसलं. वळताना ते म्हणतं मी सरळ जाणार, आणि चाकं म्हणतात आम्ही वळणार. आता सर, तुम्ही पाय जुळवून उभे आहात. मी धक्का दिला तर पडाल. पाय फाकवून जरा खाली वाकलात तर नाही पडणार. तसंच आहे हे. आम्ही आधी विटा ठेवून बघितलं होतं. विटा बसून राहतात, चादरी चढत जातात. तिथेच आम्ही फसलो."

विभागप्रमुखांचे पाय हळूच एकमेकांपासून लांब झाले. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, बाकी सगळ्यांच्या आलं.

"उभी करा ती," ते म्हणाले. भोपळ्याने आणि वकिलाने ट्रॉली उभी केली, ब्लँकेटं परत खाली गेली. "बरं. आता विद्यार्थ्यांचं मत. कोण बोलणार आहे?"

मैना पुढे आली. भाषण तिला अजूनही शब्दन् शब्द येत होतं. तिने ते म्हटलं नाही.

"सर, मला निम्म्या वर्गाने प्रकल्पाच्या विरुद्ध बोलायला पाठवलंय, आणि ज्यांना तसं वाटतं त्यांची गाऱ्हाणी खोटी नाहीत. गटात फुकटे असतात. कष्ट जास्त आहेत. पाठांतराला नावं ठेवलेली तर मला आजही खपणार नाहीत, कारण पाठ नसतं तर ही ट्रॉली अजून आडवीच असती. पण यांनी आत्ता जो प्रश्न सोडवला, त्याला मला तीनदा पूर्ण मार्क मिळालेत. तिन्ही वेळा मला तो कळला नव्हता. परवा इथे जमिनीवर कळला. आणि यांना दोनदा शून्य मिळालं. तुम्ही आत्ता त्यांचं उत्तर ऐकलंत. मला फक्त एवढंच विचारायचंय, की आमच्या दोघांचे आधीचे मार्क बरोबर होते का?"

 'नको'वाल्यांकडे तिने भीतभीत पाहिलं. त्यांच्यातला सगळ्यांत कडवा होता तो खांदे उडवून म्हणाला, "आमचं पण हेच मत लिहा. फक्त फुकट्यांचं काहीतरी बघा."

विभागप्रमुखांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग मॅडमकडे वळले. "या सत्रात पेपर होणार नाही. हा गट पास. पुढच्या वर्षी प्रकल्प राहील, पेपरही छोटासा राहील, आणि तोंडी परीक्षा ही अशीच, उभ्याउभ्या." मग भोपळ्याला म्हणाले, "तिसऱ्यांदा का होईना, पण उत्तम."

वर्ग ओरडणार इतक्यात मैनेच्या आईने ओठांवर बोट ठेवलं. मग अख्ख्या वर्गाने आवाज न करता जल्लोष केला. हात वर, तोंडं उघडी, उड्या, मिठ्या, वकिलाला तर दोघांनी उचलून धरलं, आणि सगळं मुक्याने. मॅडम भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या. आईने मैनेला जवळ ओढलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

"ती ट्रॉली जरा पुन्हा बघू," विभागप्रमुख वळून म्हणाले. मागे ट्रॉलीही नव्हती आणि मावशीही. "अरे, गेली कुठे?"

"ती गेली सर," वकील वरूनच म्हणाला. "तुमच्या मागूनच गेली. मावशी म्हणाल्या, चादरी थांबत नाहीत."

विभागप्रमुखांनी वळणापलीकडच्या रिकाम्या बोळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या कानाला हात लावला आणि पहिल्यांदा मनापासून हसले.

बाहेर अंगणात भोपळा फोन कानाला लावून उभा होता. दोन वर्षं निकालाच्या दिवशी हा फोन करताना त्याचा आवाज फुटत नसे. आज हॉस्पिटलपासून पुरेसा लांब आल्यावर तो असा ओरडला की रस्त्यावरची माणसं थांबली.

"आई! ट्रॉली पडली, आणि मी पास झालो!"